चॉकलेटमधली साखर आणि चॉकलेटचे समाधान

२०१८ साली नेस्ले कंपनीने ब्रिटनमध्ये ‘मिल्कीबार वाउसम्स’ नावाचे चॉकलेट बाजारात आणले. त्यामागचे संशोधन खरोखर कौतुकाचे होते. साखरेचा नेहमीचा दाणा भरीव असतो आणि तो जिभेवर पुरता विरघळण्याआधीच घास गिळला जातो, म्हणजे खाल्लेल्या साखरेतला काही भाग गोडी न देताच पोटात जातो. म्हणून साखर, दुधाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण गरम हवेत फवारून आतून सच्छिद्र असे हलके दाणे तयार करण्यात आले. ते जिभेवर झटकन विरघळत, आणि त्यामुळे कमी साखरेत बरीचशी तीच गोडी लागे. कोणताही कृत्रिम स्वीटनर न घालता साखर ३० टक्क्यांनी उतरली. तरीही मागणी आली नाही, आणि २०२० उजाडेपर्यंत हे उत्पादन बंद झाल्याचे कंपनीने सांगून टाकले. कमी साखरेचे चॉकलेट लोकांना नकोच असते, असा निष्कर्ष यावरून काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. मिल्कीबार हे मुळात पांढरे चॉकलेट. त्यात कोकोचा गर नसतोच. ज्या पदार्थात साखर आणि दूध सोडून चवीला दुसरा आधारच नाही, तिथली साखर काढली की मागे उरते ती उणीव. कमी साखरेच्या चॉकलेटने साखरेची नक्कल करू नये, कोकोला पुढे आणावे, आणि निवड करताना आपणही तेच शोधावे, असे माझे म्हणणे आहे. त्याला आधार काय, आणि त्यावर आक्षेप कोणते, ते पाहू.

आधी हिशेब. साध्या डार्क चॉकलेटच्या वडीत मुख्य घटक तीनच: कोकोच्या बियांचा वाटलेला गर म्हणजे कोको मास, त्याच बियांतून निघणारे कोको बटर, आणि साखर. लेसिथिन आणि व्हॅनिला असतात, पण ते नावापुरते. वेष्टनावर ‘७० टक्के कोको’ लिहिलेले असते तेव्हा त्यात कोको मास आणि कोको बटर दोन्ही धरलेले असतात. मग उरलेले ३० टक्के काय? जवळजवळ सगळी साखर. हा एवढा एक हिशेब लक्षात ठेवला तर दुकानात चष्मा न लावताही अंदाज बांधता येतो. ५५ टक्क्यांच्या वडीत शंभर ग्रॅमला सुमारे ४५ ग्रॅम साखर, ७०च्या वडीत ३०, ८५च्या वडीत १५, आणि ९०च्या वडीत दहाच्या आतबाहेर. दुधाच्या चॉकलेटला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्यात दुधाची भुकटीही असते. तिथे शंभर ग्रॅमला एकूण साखर साधारण ५० ते ५७ ग्रॅम भरते आणि त्यातली थोडी दुधातल्या लॅक्टोजची असते. आता हे एका वेळच्या खाण्यात मांडू. वीस ग्रॅम म्हणजे मोठ्या वडीचे दोन चौकोन. दुधाच्या चॉकलेटच्या वीस ग्रॅममध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर, ७० टक्केवाल्यात सहा, ८५ टक्केवाल्यात तीन. चहाच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर मावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेली आणि मध, रस यांतून येणारी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ माणसाला सुमारे २५ ग्रॅम. दिवसाला दोन-तीन कप गोड चहा घेणाऱ्या घरात या २५ ग्रॅमांपैकी निम्म्याहून अधिक वाटा चॉकलेटला हात लावण्याआधीच संपलेला असतो.

साखर इतकी कमी झाली तर समाधान कुठून येणार, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मला १९९४ सालचा एक प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतील विला मिचनर आणि पॉल रोझिन यांनी चॉकलेटची तलफ येणाऱ्या माणसांना काही डबे दिले आणि तलफ येईल तेव्हा एकेक डबा उघडून आतले खायला सांगितले. एकात दुधाचे चॉकलेट, एकात पांढरे चॉकलेट, एकात कोको भरलेल्या कॅप्सूल, एकात निव्वळ दिखाव्याच्या कॅप्सूल, आणि एकात पांढरे चॉकलेट अधिक कोकोच्या कॅप्सूल. कोकोतली थिओब्रोमिन, कॅफिन अशी द्रव्येच माणसाला चॉकलेटकडे ओढत असतील, तर कॅप्सूलने तलफ भागायला हवी होती. ती जवळजवळ भागलीच नाही. पांढऱ्या चॉकलेटने अर्धवट भागली, दुधाच्या चॉकलेटने सर्वांत चांगली. पांढऱ्या चॉकलेटने काही समाधान दिले, याचा अर्थ साखर आणि स्निग्धांश यांचा वाटा आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण पांढरे आणि दुधाचे यांच्यातला जो फरक उरला, तो कोको कॅप्सूलमधून पोटात घालून भरून निघाला नाही. म्हणजे तो फरक तोंडातला होता: कोकोचा वास, त्याची कडवट चव, विरघळतानाचा स्पर्श. बिया आंबवताना, वाळवताना आणि भाजताना कोकोत शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात आणि घास तोंडात असताना ती घशाच्या मागून नाकात चढतात. आपण ज्याला चॉकलेटची चव म्हणतो, तिचा मोठा भाग जिभेवर लागतच नाही. तो नाकाला कळतो. आणि वासाला साखर लागत नाही.

स्पर्शाचे श्रेय कोको बटरला. नीट जमवलेल्या चॉकलेटमधले कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. खोलीच्या तापमानाला ते घट्ट असते, मोडताना कट्‌कन आवाज करते, आणि ३७ अंशांच्या तोंडात गेल्यावर थोड्याच वेळात पातळ होऊन जीभ व्यापते. वितळताना ते तोंडातली उष्णता ओढून घेते, म्हणून किंचित गारही लागते. इतक्या कमी अंशांच्या पट्ट्यात घट्टाचा पातळ होणारा दुसरा खाद्य स्निग्ध पदार्थ सापडणे कठीण. हेच कोको बटर महाग असल्याने आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वडी बसून जात असल्याने स्वस्त मालात त्याच्या जागी पाम किंवा तत्सम तेलापासून केलेले घट्ट वनस्पती स्निग्ध पदार्थ येतात. दिवाळीत घरोघरी साच्यात ओतून ज्या चॉकलेटी केल्या जातात, त्यांचा कंपाउंड स्लॅब बहुधा याच जातीचा. तो मे महिन्यातही टिकतो. पण जे खोलीत वितळत नाही ते तोंडातही आळसाने वितळते, आणि टाळूला मेणासारखा थर जाणवतो. स्पर्श आणि वास दोन्ही मंद पडले की त्यांची भरपाई करायला उरते ती फक्त साखर. म्हणून कमी साखरेचा कंपाउंड हा माझ्या मते सर्वांत निराश करणारा प्रकार. पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिले नाव साखर, मग वनस्पती स्निग्ध पदार्थ, मग ‘कोको सॉलिड्स’ असा क्रम दिसला, तर पुढच्या बाजूला कितीही सोनेरी अक्षरांत ‘डार्क’ लिहिलेले असो, ती वडी ठेवून द्यावी. पहिले नाव कोको मास असेल आणि स्निग्धांश म्हणून कोको बटरच असेल, तर पुढे टक्केवारी पाहण्यात अर्थ आहे.

समाधानाचा दुसरा अर्थ म्हणजे ‘आता पुरे’ असे वाटणे. यावर कोपनहेगनच्या संशोधकांनी २०११मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा निरोगी तरुणांना एकदा शंभर ग्रॅम डार्क आणि एकदा तितकेच दुधाचे चॉकलेट दिले गेले आणि काही वेळाने हवा तेवढा पिझ्झा खाऊ दिला. डार्क चॉकलेटनंतर पिझ्झ्यातून घेतलेली ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरली, आणि गोड खावेसे वाटण्याचे प्रमाणही घटले. सोळा माणसांवरून जगाला सल्ला देता येत नाही, आणि शंभर ग्रॅम हे काही मधल्या वेळचे खाणे नव्हे. तरीही हा निष्कर्ष नेहमीच्या अनुभवाच्या उलट जात नाही. दुधाच्या चॉकलेटची अख्खी वडी बोलता बोलता संपते. ८५ टक्क्यांच्या वडीचे दोन चौकोन खाल्ले की हात आपोआप थांबतो. कडवटपणा आणि तुरटपणा यांनी घास सावकाश होतो आणि वास तोंडात रेंगाळतो. म्हणून कोकोची टक्केवारी वाढली की साखर दोन वाटांनी कमी होते, दर ग्रॅममागेही आणि एकूण खाल्ल्या जाणाऱ्या ग्रॅममध्येही. जिभेला उत्तेजन देऊन आणखी मागायला लावणारी साखर आणि मन भरवणारी चव या दोन गोष्टी आपण एकच समजतो, तिथे निवडीचा घोटाळा सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: कडू लागते. हो, लागते, आणि ज्याला दुधाच्या चॉकलेटची सवय आहे त्याच्या हातात एकदम ९० टक्क्यांची वडी देणे म्हणजे त्याला या वाटेवरून कायमचे परत पाठवणे. पण कडवटपणा झाकण्याचे साखर हे एकमेव साधन नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाम्प यांनी १९९७मध्ये दाखवून दिले की मीठ कडू चवीला दाबते, आणि कडू दबले की त्याच मिश्रणातली गोडी वर येते. शिऱ्यात, पुरणात, मोदकाच्या उकडीत चिमूटभर मीठ घालणाऱ्या स्वयंपाकघरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ७० किंवा ७५ टक्क्यांच्या वडीवर मिठाचे दोन-चार कण असले तर ती तितकीच साखर असलेल्या साध्या वडीपेक्षा गोड लागते. दुधातली प्रथिने कोकोतल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून डार्क चॉकलेटबरोबर घोटभर गरम दूध घेतले तर तुरटपणा सौम्य होतो. व्हॅनिलाच्या वासाने गोडी वाढल्यासारखी वाटते, कारण तो वास आयुष्यभर गोड पदार्थांबरोबरच घेतलेला असतो. आपल्याकडे वेलची आणि जायफळ हेच काम करत असावेत. याच मोनेल केंद्राच्या २०१६ सालच्या अभ्यासात काही जणांच्या आहारातली साखर तीन महिने बरीच कमी ठेवली, तेव्हा तेच पुडिंग त्यांना इतरांपेक्षा अधिक गोड लागू लागले. त्यातली एक बाब मात्र लपवू नये. कमी गोड पुडिंग त्यांना अधिक आवडू लागले, असे दिसले नाही. आणि बंधन उठताच त्यांची साखर पुन्हा झपाट्याने वाढली. म्हणजे जीभ संवेदनशील होते, पण आवड आपोआप बदलत नाही. त्यामुळे ‘सवय होईल’ या एका भरवशावर न आवडणारी वडी घशाखाली ढकलण्यात हशील नाही. ५५ वरून ७०, ७० वरून ७५ असे जात राहावे आणि जिथे खाण्यात आनंद वाटेनासा होतो त्याच्या एक पायरी खाली थांबावे. ७० टक्क्यांवर कायमचा मुक्काम झाला तरी दुधाच्या चॉकलेटच्या तुलनेत साखर जवळजवळ निम्म्यावर आलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साखरमुक्त चॉकलेट मिळत असताना कडवटाशी झगडायचे कशाला? भारतात आयसीएमआर-इंडियाब या सर्वेक्षणाच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक आहेत, तेव्हा ‘शुगर फ्री’ हे शब्द किती घरांत दिलासा देत असतील याची कल्पना येते. या चॉकलेटांत साखरेच्या जागी बहुतेक वेळा माल्टिटॉल असते, घटकांच्या यादीत आयएनएस ९६५ या क्रमांकाने छापलेले. कारखानदारांना ते सोयीचे, कारण त्याची गोडी साखरेच्या जवळपास नव्वद टक्के, आणि दाणा, वजन, तोंडातला स्पर्श हेही साखरेसारखेच. पण शरीराच्या दृष्टीने ते शून्य नाही. त्यातून साखरेच्या निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा मिळते आणि रक्तातली साखरही वाढते. शुद्ध माल्टिटॉलचा ग्लायसेमिक निर्देशांक ३५च्या आसपास, साखरेचा ६५. जे लहान आतड्यात शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, तिथे वायू धरतो, पोट फुगते, अधिक खाल्ले तर जुलाब होतात. दहा टक्के किंवा अधिक पॉलिओल, म्हणजे माल्टिटॉलच्या जातीची द्रव्ये असलेल्या पदार्थावर तशी सूचना छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि ती इतकी बारीक अक्षरांत असते की वाचणारा विरळा. एरिथ्रिटॉलने साखर वाढत नाही, पण ते तोंडाला पेपरमिंटसारखा गारवा देते आणि कोकोच्या उबदार चवीशी त्याचे जमत नाही. शिवाय रक्तातले त्याचे अधिक प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास २०२३मध्ये आला, त्यावर अजून चर्चा चालू आहे. स्टीव्हियाची गोडी उशिरा येते आणि ज्येष्ठमधासारखी मागे रेंगाळते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर स्वीटनरवर विसंबू नये, असे सांगितले. ती सूचना मधुमेह झालेल्यांसाठी नव्हती आणि माल्टिटॉलसारख्या पॉलिओलसाठीही नव्हती, हे इथे नमूद केले पाहिजे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना विचारून दोन चौकोन साखरमुक्त चॉकलेट खाल्ले तर त्यात वावगे काही नाही. माझा विरोध आहे तो ‘साखर नाही, मग कितीही खा’ या समजुतीला. गोडी तेवढीच राहिली की प्रमाणही तेवढेच राहते, किंबहुना वाढते.

साखर नाही पण गूळ आहे, साखर नाही पण खजूर आहे, ही सध्याची लाट. गूळ हा मुख्यतः सुक्रोजच. त्यात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, परंतु चॉकलेटच्या दोन चौकोनांतून ते किती मिळणार? गुळाने चॉकलेटला एक छान खमंगपणा येतो, तो आवडत असेल तर चवीसाठी खावे. आरोग्याच्या हिशेबात मात्र गुळाचा ग्रॅम हा साखरेच्या ग्रॅमच्या शेजारीच मांडावा. खजुराचे तसे नाही. त्यात तंतू असतात, म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते. पण त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग साखर आहे, आणि खजुराचा लगदा व कोको यांच्या बारवर ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेले असले तरी त्या बारमधली एकूण साखर दुधाच्या चॉकलेटच्या पंगतीत बसू शकते. म्हणून पाकिटाच्या मागच्या तक्त्यातल्या दोन ओळी एकत्र वाचाव्यात: एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. या दोन्ही ओळी आता भारतातल्या वेष्टनांवर द्याव्या लागतात. ‘लो शुगर’ या शब्दांनाही नेमकी व्याख्या आहे: घन पदार्थात शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमहून अधिक साखर नको. ‘शुगर फ्री’साठी ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमची. या कसोटीवर ८५ टक्क्यांची उत्तम वडीसुद्धा ‘लो शुगर’ ठरत नाही आणि माल्टिटॉल भरलेली वडी ‘शुगर फ्री’ ठरते. कायद्याने शंभर ग्रॅमचा हिशेब ठेवला ते योग्यच आहे, त्याशिवाय तुलना होणार नाही. पण शंभर ग्रॅम कुणी खात नाही. आपण खाणार त्या वीस ग्रॅमांचा हिशेब आपणच करायचा असतो.

तिसरा आक्षेप उष्मांकांचा, आणि तो पूर्णपणे खरा आहे. साखरेच्या एका ग्रॅममधून चार किलोकॅलरी मिळतात, स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून नऊ. साखर काढून कोको बटर वाढले की उष्मांक घटत नाहीत, थोडे वाढतातच: दुधाच्या चॉकलेटच्या वीस ग्रॅममध्ये सुमारे १०५ ते ११० किलोकॅलरी, ८५ टक्केवाल्यात ११५ ते १२०. कोको बटरमधल्या संतृप्त स्निग्धांशाचा मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा असल्याने तो रक्तातले कोलेस्टेरॉल फारसे वाढवत नाही, एवढा दिलासा. तरी ते अन्न जड आहे. म्हणून कमी साखरेचे चॉकलेट हे वजन उतरवण्याचे साधन म्हणून विकले जाते तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नये. त्याचप्रमाणे ते औषधही नाही. अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक वयस्क माणसांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत कोकोच्या अर्काची कॅप्सूल वर्षानुवर्षे देऊनही एकूण हृदयविकाराच्या घटनांत ठरावीक निकषावर टिकेल अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. तिथे अर्कातून फ्लॅव्हनॉल नावाचे कोकोतले द्रव्य रोज ५०० मिलिग्रॅम दिले गेले. दुकानातल्या वडीतून इतके मिळेल याची खात्री नसते, कारण रंग गडद आणि चव सौम्य करण्यासाठी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की त्यातले बरेच फ्लॅव्हनॉल नष्ट होतात. चॉकलेट आवडते म्हणून खावे. त्यासाठी हृदयाचे निमित्त शोधायची गरज नाही.

जड धातूंचा प्रश्न मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही, आणि तो कोको वाढवा म्हणणाऱ्यालाच आधी विचारला पाहिजे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहकसंस्थेने डिसेंबर २०२२मध्ये डार्क चॉकलेटच्या २८ वड्या तपासल्या. त्यातल्या २३ अशा निघाल्या की रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम खाल्ले तर शिसे किंवा कॅडमियम यांपैकी एकाची तरी कॅलिफोर्नियाची कडक मर्यादा ओलांडली जाईल. कॅडमियम जमिनीतून झाडाच्या मुळांवाटे बीत येते, शिसे बहुतांशी बिया वाळवताना धुळीतून चिकटते. दोन्ही कोकोच्या घन भागात राहतात, म्हणून टक्केवारी वाढली की धोकाही वाढतो. युरोपीय संघाने कॅडमियमच्या मर्यादा २०१९पासून टक्केवारीनुसार ठरवल्या आहेत. माझ्या मते याचा अर्थ डार्क चॉकलेट सोडून देणे असा होत नाही. रोज न खाता आठवड्यातून तीन-चारदा, वीस ग्रॅमच्या आत, आणि एकाच उत्पादकाला चिकटून न राहता आलटूनपालटून खाणे, एवढे पथ्य प्रौढ माणसाला पुरेसे वाटते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनी मात्र ८५-९० टक्क्यांच्या वड्या रोजच्या खाण्यात आणू नयेत.

किमतीचा आक्षेप उरतो. साखर हा चॉकलेटमधला सर्वांत स्वस्त घटक आहे आणि कोको सर्वांत महागांपैकी एक. २०२४मध्ये तर पश्चिम आफ्रिकेतल्या पडलेल्या पिकामुळे न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. कोको कमी आणि साखर अधिक घालण्याकडे कारखान्यांचा कल का असतो, ते यातून उघड होते. तरी आपल्याकडे निवड अगदीच श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. अमूलच्या ५५, ७५, ९० आणि ९९ टक्क्यांच्या वड्या गावोगावच्या दुकानांत पोहोचल्या आहेत, आणि केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत पिकणाऱ्या कोकोपासून मुंबई, म्हैसूर, ऑरोव्हिल इथले छोटे उत्पादक बीपासून वडीपर्यंतचे काम स्वतः करू लागले आहेत. तुलना वडीच्या किमतीची न करता एका वेळच्या खाण्याची केली, तर दोन चौकोनांत थांबवणारी वडी तितकी महाग राहत नाही.

खर्चावर सर्वांत चांगला उपाय स्वयंपाकघरातच आहे, आणि इथे जरा रेंगाळायला हरकत नाही. ७० टक्क्यांचे शंभर ग्रॅम चॉकलेट घ्यावे आणि दीडशे ग्रॅम खमंग भाजून सोललेले शेंगदाणे. चॉकलेटचे तुकडे कोरड्या भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर धरावे, वाफेचा थेंबही आत पडू देऊ नये. पाणी लागले की चॉकलेट घट्ट होऊन रवाळ होते आणि मग सुधारत नाही. दोन-तृतीयांश विरघळताच खाली उतरवून ढवळत राहावे, बाकीचे त्याच उष्णतेत विरघळते. त्यात शेंगदाणे आणि चिमूटभर बारीक मीठ घालून चमच्याने छोटे ढीग ताटलीत सोडावेत. अडीचशे ग्रॅमच्या या खाऊत वरून आलेली साखर तीस ग्रॅम, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या एका वाट्यात फक्त तीन. दाण्यांमुळे चावायला मिळते, प्रथिने मिळतात, आणि चॉकलेट जेमतेम दहा ग्रॅम असूनही प्रत्येक घासात त्याचा वास येतो, कारण ते बाहेरच्या बाजूला आहे आणि जिभेला आधी तेच लागते. बिस्किटात किंवा केकमध्ये मिसळलेला कोको पिठात हरवतो, म्हणून तिथे साखर अधिक लागते. दुसरा खाऊ चक्क्याचा. साखर न घातलेला, आंबट नसलेला वाटीभर चक्का, दोन चमचे गरम दुधात आधी कालवून घेतलेला चमचाभर कोको, चमचाभर साखर आणि जायफळ. कोको थेट चक्क्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि वासही दबलेला राहतो. गरम दुधात तो फुलतो. श्रीखंडाला चक्क्याच्या बरोबरीने साखर घालण्याची घरोघरी पद्धत आहे. तिच्यापुढे ही चमचाभर साखर किती कमी, हे सांगायला नको.

विकतची वडी असो की घरची, फ्रिजमधून काढून लगेच खाऊ नये. गार कोको बटर तोंडात वेळेवर वितळत नाही, वास सुटत नाही, आणि मग कडवटपणाच तेवढा जाणवतो. डार्क चॉकलेट आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ते कदाचित फ्रिजमधूनच चाखलेले असेल. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात फ्रिज टाळता येत नाही हे खरे, म्हणून वडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि खाण्याआधी वीसेक मिनिटे डबा न उघडता बाहेर काढून ठेवावा. डबा लगेच उघडला की गार वडीवर हवेतले दव जमते, वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट खरखरीत थर राहतो. तो बुरशीचा नसतो, खाल्ल्याने अपाय होत नाही; मात्र स्पर्श बिघडतो, आणि कमी साखरेच्या चॉकलेटला स्पर्श गमावणे परवडत नाही.

मुलांसाठी हा सगळा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यांची जीभ कडवटाला नाखूश असते, धातूंची मर्यादा त्यांच्यासाठी अधिक कडक हवी, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला वरून साखर घातलेले काही देऊच नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोठ्या मुलांना ४५ ते ५० टक्के कोको असलेले दुधाचे चॉकलेट चांगले चालते. त्यात कोको अधिक, साखर नेहमीच्या दुधाच्या चॉकलेटपेक्षा बरीच कमी आणि चव ओळखीची. मात्र मुलांच्या पोटात चॉकलेटच्या नावाने जाणारी सर्वाधिक साखर बहुतेक घरांत वडीतून न येता दुधात घालायच्या चॉकलेटी भुकटीतून येते. २०२३मध्ये बोर्नव्हिटा या भुकटीतल्या साखरेवरून वाद झाला तेव्हा तिच्यात शंभर ग्रॅमला ३७.४ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. नंतर कंपनीने ती ३२.२वर आणली, आणि एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने अशी पेये ऑनलाइन दुकानांवर ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नयेत असे कळवले. वीस ग्रॅम भुकटीतून साडेसहा ग्रॅम साखर जाते, आणि वर आणखी एक चमचा साखर घालण्याची पद्धत आहेच. त्याऐवजी बिनसाखरेचा कोको आणावा. तो एक चमचा घेऊन आधी थोड्या दुधात पातेल्यातच उकळी येईपर्यंत घोटावा, मग उरलेले दूध, वेलची, मिठाचे दोन कण आणि चहाचा एक चमचा साखर घालावी. मूल कुरकुरले तर पहिला आठवडा दोन चमचे घालावेत, मग दर आठवड्याला पाव चमचा कमी करत एकावर यावे.